शून्य की ओ

अठ्ठ्याण्णव साली डोंगल परवडत नव्हतं.
साडेनऊशेला एक, आणि आमचं अख्खं सॉफ्टवेअर चार हजारांचं.
म्हणून मी कुलूप हार्ड डिस्कलाच लावलं.

आधी घेतला तो फॉरमॅटचा नंबर.
तो ठरतो डिस्क पुसली त्या घडीच्या तारखेवरून, वेळेवरून.
पत्रिकाच म्हणा.
पण माणसं उठसूट फॉरमॅट मारत,
दर वेळी नवा जन्म, आणि मला फोन.
मग मी आणखी खाली उतरलो,
कारखान्यात गोंदलेल्या आकड्यापर्यंत.
तो पुसला जात नाही.
एकच ओळ लिहिली: हा तोच का?
तोच असेल तर पुढे.
नसेल तर, 'हे यंत्र आपले नाही.'
वाक्य मराठीत हवं, हा माझा हट्ट.

'काटा' नाव होतं. वजनकाट्यांसाठी.
दारूखाना, रे रोड, वडाळ्याचा ट्रक टर्मिनस.
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा
आणि तीन रंगांची पावती.

लोक फोनवर आकडे वाचायचे.
दारूखान्याचे परकार शेट प्रत्येक अक्षराला
तोडलेल्या जहाजाचं नाव द्यायचे:
एम, मारियाना. के, कावेरीदीप. तिचा पंखा अजून पडून आहे.
रे रोडची फिलोमिना रुमाव रोझरीच्या लयीत,
मधे श्वाससुद्धा न घेता.
आणि मी विचारायचो, शून्य की ओ?
पलीकडे चष्म्याची शोधाशोध. मागे क्रेनचा भोंगा.
'गोल आहे हो,' परकार म्हणत,
'आता गोलाला मी काय विचारू?'

एकदा रात्री दीडला त्यांचाच फोन.
डिस्क जळाली, नवी आणून बसवली,
बाहेर अकरा ट्रक, पत्र्यांनी गच्च.
पूर्ण पैसे भरलेला माणूस,
पावतीवर सही माझी,
आणि यंत्र आपले नाही.
मी म्हटलं, सकाळी बघू.
असं म्हटलं होतं मी.

अकरा वर्षांनी माझी डिस्क आधी कुरकुरली,
मग नखानं टेबल वाजवल्यासारखी वाजत राहिली, मग गप्प.
चाव्या बनवायचा प्रोग्राम तिच्यात.
त्याची प्रत होती, मी काही एवढा वेडा नाही.
प्रत दुसऱ्या यंत्रावर टाकली.
पण कोणी चोरू नये म्हणून
त्यालाही मी तेच कुलूप घातलं होतं.
'हे यंत्र आपले नाही.'
शुद्धलेखन बिनचूक.

मूळ कोडच्या फ्लॉप्यांना बुरशी लागलेली.
आणि परकारांचा मुलगा अन्वर दोन दिवस फोन करतोय,
अब्बा गेले, काटा तोच आहे, डिस्क बदललीय.

लॅमिंग्टन रोडला जिन्याखाली रजनीश तांडेल बसतो.
काटा आहे?
जुना की नवा?
जुना.
पन्नास.
सीडीवर स्केचपेननं 'कांटा टू फुल'.
मी विचारलं, फोडलं कसं?
'काय नाय ओ, चौऱ्याहत्तर काढला, ईबी घातला.
एक बाइट.
तो विचारतो अजून, हा तोच का म्हणून.
फक्त उत्तर ऐकत नाय.'
मग सुटे मोजता मोजता,
'लिहिणारा पण गंमतच असणार.
बाकीचे सरळ चोर म्हणतात,
हा म्हणतो, आपले नाही.'

घासाघीस केली नाही.
मी कोण तेही सांगितलं नाही.

घरी सीडी लावली. उघडला.
माझा निळा पडदा, माझ्याच चौकटी,
डाव्या कोपऱ्यात एक रेघ तिरकी, तेव्हाही राहून गेलेली.
एक भरली गाडी घातली, एक रिकामी.
वजा बरोबर आली.

अन्वरला फोन लावला.
'काका, नंबर वाचू? कागदावर उतरवून ठेवलाय.
पहिलंच अक्षर गोल आहे.'

म्हटलं, असू दे.
वाचू नकोस.
येतोच मी, बसनं.